बोलका क्लच, मुका बेल्ट

घरात डायलिसिसवर असलेला माणूस असला की आठवड्याच्या दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या असतात. बसमध्ये चढवत नाही, रिक्षाचे हादरे सोसत नाहीत आणि टॅक्सीच्या भाड्याचा हिशेब महिनाअखेरीला घाम फोडतो. मग कधीतरी विषय निघतो, एखादी जुनी गाडी बघू या का? गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई, पक्षाघातातून उठलेले वडील, तालुक्याच्या गावाहून दर महिन्याला केमोथेरपीसाठी शहर गाठणारे कुटुंब. अशा कारणांनी सेकंडहँड गाडी घेणारे बरेच असतात. हौस कमी, गरज मोठी आणि गाठीचे पैसे मोजके.

गाडी बघायला गेल्यावर रंग पाहिला जातो, टायर पाहिले जातात, एसी लावून बघतात. झाकलेल्या दोन गोष्टी मात्र बहुतेक वेळा राहून जातात. एक टायमिंग बेल्ट, दुसरा क्लच. दोन्ही वापराने झिजतात, दोन्ही बाहेरून दिसत नाहीत आणि दोन्हींचा खर्च गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षातच अंगावर येऊ शकतो. पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. क्लच झिजताना लक्षणे देतो. जाणत्याच्या पायाला ती पाच मिनिटांत कळतात. टायमिंग बेल्ट बहुधा काहीच सांगत नाही. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेली गाडी आज सकाळी बेल्ट तुटून बंद पडते. उच्च रक्तदाबाचे तसेच असते. माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणत राहतो आणि एक दिवस थेट अतिदक्षता विभागात दाखल होतो. म्हणून क्लचची शारीरिक तपासणी करायची आणि बेल्टचा पूर्वेतिहास विचारायचा. गिऱ्हाईक नेमके उलटे करते. बेल्टचा आवाज येतो का ते ऐकते आणि क्लचबद्दल विकणाऱ्याला विचारते.

तीस कोटी फेरे

इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याने खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. हवा आत येते, धूर बाहेर जातो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. हा मेळ राखणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. पट्ट्याचा एक दाता सरकला तरी गाडी ओढेनाशी होते, थरथरते, धूर सोडते.

पूर्वी हे काम साखळी किंवा गिअर करत. १९६२च्या सुमारास जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या छोट्या गाडीत रबरी दातेरी पट्टा वापरला. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या गाड्यांमध्ये ती पहिली मानली जाते. पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा. त्यामुळे पुढच्या काही दशकांत तो घराघरांत पोचला. त्याच्या रबरात काचतंतूंच्या दोऱ्या असतात आणि दात्यांवर नायलॉनचे कापड. ताण दोऱ्या सोसतात. रबर मात्र उष्णतेने, हवेने आणि वयाने कडक होत जाते. त्यावर इंजिन ऑइल किंवा कूलंट गळत राहिले तर ते फुगते, सुटते आणि मुदतीच्या खूप आधी जाते.

साधा हिशेब मांडू. गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० धरले, तर १ लाख किलोमीटरमध्ये इंजिन ३० कोटी फेरे घेते. माणसाचे हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडधडते; त्याला एवढी मजल मारायला आठ वर्षे लागतात. तीच गाडी शहराच्या गर्दीत सरासरी २०च्या वेगाने चालली असेल तर तेवढ्याच किलोमीटरना इंजिन दुप्पट तास चाललेले असते. सिग्नलला उभ्या गाडीचा मीटर थांबतो, बेल्ट थांबत नाही. ‘एकाच डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखाना ते घर’ हे वाक्य विकणारा कौतुकाने सांगतो. बेल्टच्या दृष्टीने त्यात कौतुक करण्यासारखे फारसे नाही. उलट पाच-सहा वर्षे पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या, कमी चाललेल्या गाडीचा बेल्टही वयाने म्हातारा होतच असतो. म्हणूनच कंपन्या बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत देतात आणि जी आधी संपेल ती खरी.

बेल्ट तुटला की काय होते हे इंजिनाच्या रचनेवर ठरते. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही पिस्टनला वर यायला जागा उरते. तिथे गाडी नुसती बंद पडते. नवा बेल्ट टाकला, टायमिंग जुळवले की पुन्हा चालते. बऱ्याच इंजिनांत ती जागा नसते. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर मोकळी जागा फारच थोडी राहते, त्यामुळे तिथे पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर जवळजवळ ठरलेलीच. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. काही हजारांत झाले असते ते काम मग जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

आधी कागद, मग बॉनेट

पहिला प्रश्न असा की या गाडीला बेल्ट आहे की साखळी? नावावरून ठरवू नये. मारुती ८०० आणि जुनी सँट्रो यांना बेल्ट आहे. पुण्यात जन्मलेल्या टाटा इंडिकाच्या जुन्या डिझेल इंजिनाला, रेनॉ डस्टरच्या आणि फोक्सवॅगन पोलोच्या डिझेल इंजिनाला, इनोव्हाच्या आधीच्या अडीच लिटर डिझेललाही बेल्टच. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला मात्र साखळी. ह्युंदाई आय-१० ही एकच गाडी, पण तिच्या १.१ लिटर इंजिनात बेल्ट आणि १.२ लिटरमध्ये साखळी. तेव्हा गाडीचे वर्ष, इंजिन आणि इंधन लिहून घ्यावे आणि मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नक्की करावे. मुदतही तिथेच कळते. ती गाडीगणिक बदलते, कुठे साठ हजार, कुठे लाखाच्या वर. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावण्यात अर्थ नसतो. साखळी अमर नसते, पण सैल झाली की सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद खडखडते. म्हणजे निदान आवाज तरी करते.

दुसरा प्रश्न: बेल्ट बदलला का, कधी, किती किलोमीटरवर? इथे ‘हो, बदललाय’ हे उत्तर पुरत नाही. पुष्कळ मालक प्रामाणिकपणे हो म्हणतात आणि त्यांच्या मनात असतो तो बाहेरून दिसणारा फॅन बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा. तो स्वस्त, पटकन बदलता येणारा आणि टायमिंग बेल्टशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे बिल मागावे. बिलावर तारीख आणि मीटरचा आकडा असावा. नुसता बेल्ट लिहिला आहे की टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही, तेही पाहावे. नव्या पट्ट्याखाली जुने बेअरिंग ठेवले आणि ते जाम झाले तर नवा पट्टाही जातो. काही इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. एकदा सगळे उघडल्यावर तो तसाच ठेवणे ही काटकसर महागात पडते. काही गॅरेजवाले काम झाल्यावर बॉनेटखाली तारखेचा स्टिकर लावतात. स्टिकर हा आधार, पुरावा नव्हे.

मीटरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? डिजिटल मीटरही मागे नेता येतो, हे आता गुपित राहिलेले नाही. आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आणि किती मालक झाले ते पाहावे. सर्व्हिस सेंटरच्या जुन्या नोंदींतले आकडे चढत्या क्रमाने येतात का ते तपासावे. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २५१९ म्हणजे २०१९चा पंचविसावा आठवडा. चाळीस हजार चाललेली म्हणून दाखवलेल्या गाडीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर आकडा आणि शरीर जुळत नाही एवढे समजावे. काही टोयोटा डिझेल गाड्यांत टी-बेल्ट असा दिवा डॅशबोर्डवर लागतो. तो बेल्टकडे बघत नाही, फक्त किलोमीटर मोजतो, आणि बेल्ट न बदलताही विझवता येतो.

यानंतर बॉनेट. बऱ्याच गाड्यांत बेल्टचे वरचे प्लास्टिकचे कव्हर दोन-तीन क्लिपा किंवा बोल्ट काढून उचलता येते. इंजिन बंद, किल्ली खिशात आणि टॉर्च हातात. मेकॅनिकने क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवले तर पट्टा सगळीकडून दिसतो. दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा, कडांना सुटलेले धागे, पाठीवर काचेसारखी चकाकी, तेलाचा ओलेपणा, गळालेला दाता. यांतले काहीही दिसले तर पट्टा संपला. कव्हरच्या आत काळी रबरी भुकटी आणि पाण्याच्या पंपाभोवती वाळलेल्या कूलंटचे डाग बघायला विसरू नये. मात्र या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवावी. अलीकडचे पट्टे सुधारित रबराचे असतात. ते मुदत संपेपर्यंत वरून ठीक दिसू शकतात आणि आतल्या दोऱ्या थकलेल्या असू शकतात. खराब दिसला तर खराब, एवढेच निदान पक्के. चांगला दिसला म्हणून चांगला, असे म्हणता येत नाही. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तर पट्टा इंजिनाच्या आत तेलातच फिरतो. तिथे डोळ्यांनी बघण्यासारखे फार काही नसते आणि ऑइल वेळेवर व योग्य प्रतीचे घातले होते का, याच नोंदी बोलतात.

लेखी पुरावा नसेल तर बेल्ट कधीच बदललेला नाही असे धरावे. संपूर्ण कामाचा खर्च गॅरेजकडून विचारून घ्यावा, तो किमतीतून कमी करून मागावा आणि ताबा मिळाल्यावर देवदर्शनाला जाण्याआधी गाडी गॅरेजला न्यावी.

हा आग्रह नुसत्या पैशांसाठी नाही. द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमध्ये बेल्ट तुटला तर इंजिन क्षणात बंद पडते. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत टिकते, मग ब्रेक दगडासारखा होतो. स्टिअरिंगही बऱ्याच गाड्यांत जड होते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबत, इंडिकेटर देऊन, उरलेल्या वेगावर गाडी डावीकडे घ्यायची असते. मग सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे जायचे. बंद गाडीच्या मागे उभे राहून बॉनेटमध्ये काय झाले याची चर्चा करणारी माणसे मागून आलेल्या ट्रकखाली सापडतात. अपघात विभागात येणाऱ्या जखमांमागे अनेकदा एवढेच कारण असते.

क्लचची नाडी

इंजिन सतत फिरते आणि चाके थांबलेली असतात. या दोघांना हळूहळू जोडणारी तबकडी म्हणजे क्लच प्लेट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती चिमटलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते आणि गाडी उचलताना ते थोडे घासते. उतारू धरून १२०० किलोंची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरपर्यंत उचलायची तर जेवढी ऊर्जा गाडीला मिळते, साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. एवढे क्लच सहज पेलतो. पण घाटात चढावर, पुढची गाडी हलेपर्यंत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली तर सगळीच ऊर्जा उष्णता होते. दहा टक्के चढावर ती तीन-साडेतीन किलोवॅटच्या घरात जाते. घरातला गिझर दोन-तीन किलोवॅटचा असतो. तेवढी आग बंद डब्यात, बोटभर जाडीच्याही नसलेल्या अस्तरावर. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीचा क्लच लाखाच्या पुढे जातो आणि दुसरीचा तीस हजारांत संपतो. फरक चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचा. ड्रायव्हिंग स्कूलची, टॅक्सीत चाललेली किंवा पेडलवर पाय टेकवून ठेवणाऱ्याची गाडी ओळखायची ती इथे.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगावे की आधी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघावा. गरम असेल तर का गरम केली हे विचारायला संकोच नको.

इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबावा आणि कान द्यावा. दाबल्यावर घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बोट जाते, आणि तो आजार अधिक खर्चिक. पेडल दाबून रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग पहिल्या गिअरमध्ये हळूच सोडत जावे. पेडल मध्यापर्यंत येताना गाडी पकडली तर ठीक. अगदी वर, पाय उचलायच्या बेतात असताना पकडत असेल तर अस्तर पातळ झाल्याची शक्यता मोठी; केबलची गाडी असेल तर आधी केबलचे सेटिंग बघून घ्यावे. पकडताना गाडी थरथरत असेल तर अस्तर जळालेले, त्यावर तेल आलेले किंवा इंजिन माउंटिंग गेलेले असू शकते.

पेडलचे वजनही लक्षण आहे. अस्तर झिजत गेले की आतल्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होते. रोज चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण हा बदल वर्षानुवर्षे होत असतो. त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून पाहिली की लगेच कळते. ज्याचा डावा गुडघा आधीच दुखतो त्याने हे जरूर करावे. गर्दीच्या रस्त्यावर तासाभरात शेकडो वेळा जड पेडल दाबण्याची शिक्षा गुडघ्याच्या वाटीमागच्या कूर्चेला होते आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

खरी परीक्षा रस्त्यावर. मोकळा, सरळ रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये ४०-५०च्या वेगाने चालत असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. फेरे आणि वेग दोन्ही सावकाश, एकत्र वाढले पाहिजेत. फेऱ्यांचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. चढावर हे जास्त स्पष्ट दिसते. पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करून, हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याचीही एक जुनी चाचणी आहे. चांगला क्लच इंजिन तिथल्या तिथे बंद पाडतो. इंजिन आरामात चालत राहिले तर उत्तर मिळाले. ही चाचणी एकदाच. पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही जळेल, आणि गाडी अजून दुसऱ्याची आहे. क्लचचे पेडल नसलेल्या एएमटी गाड्या या आजारातून सुटलेल्या नाहीत. त्यांत क्लच प्लेट तशीच असते, पाय मात्र मशीनचा असतो. गाडी उचलताना झटके देते का, फेरे वाढतात तसा वेग वाढतो का, एवढे पाहावे आणि स्कॅनरवर तपासून घ्यावी.

क्लच घसरत असूनही बाकी गाडी चांगली असेल तर ती नाकारण्याचे कारण नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलले की गाडी पूर्ववत होते. गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरी बरीच असते. काही डिझेल गाड्यांत दुहेरी वजनाचे फ्लायव्हील असते आणि तेही गेले असेल तर बिल खूप चढते. इंजिन बंद करताना खालून खडखडाट येत असेल तर ते फ्लायव्हील आधी तपासून घ्यावे.

गिअरबॉक्स खाली आल्यावर आतून काळी-करडी धूळ पडते. गॅरेजमधला पोरगा हवेचा पाइप घेऊन ती उडवून देतो. घर्षणाच्या अस्तरात कित्येक दशके ॲस्बेस्टॉस वापरला जात असे. आता ॲस्बेस्टॉसविरहित प्लेटी सर्रास मिळतात, पण भारतात क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, आणि जुन्या गाडीत आधी कोणती प्लेट बसवली होती हे कोणी सांगू शकत नाही. उष्णतेने तंतू बराचसा मोडतो, सगळा नाही. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा श्वासात धूळ गेल्यानंतर वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. एकदा शेजारी उभ्या राहिलेल्या ग्राहकाला धोका नगण्य आहे. प्रश्न आहे तो रोज क्लच आणि ब्रेक उघडणाऱ्या, तोंडाला फार तर रुमाल बांधलेल्या मुलाचा. ती धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगता येते, फडके बंद पिशवीत टाकता येते, नवी प्लेट ॲस्बेस्टॉसविरहित आहे का हे खोक्यावर बघता येते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नकोस, हेही त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे. एरवी ते आई धुते.